वांग गेला

धाकटीच्या वेळी माझ्या दोन्ही गालांवर वांग आला, तो ठाण मांडूनच बसला. तीस वर्षं! मला त्याचं काही नव्हतं, आईला होतं. मसुराचं पीठ, जायफळ, साय, काय काय थापलं तिनं माझ्या तोंडाला. चारचौघांत हनुवटी धरून म्हणायची, "एवढं गेलं ना, की झालं." मला अस्सा राग यायचा.

मग निवृत्त झाल्यावर मी हे अ‍ॅसिडनं कातडी सोलायचं पील का करून घेतलं? मुलीनं गळ घातली म्हणून, असं सगळ्यांना सांगते. खरं काय ते मलाही कळलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "हे वरवरचं नाही, त्वचेच्या मधल्या थरापर्यंत जातं. आठ-दहा दिवस उन्हात जायचं नाही, सालं ओढायची नाहीत. आणि डाग उलट गडदही होऊ शकतो." मी मान डोलावली. अ‍ॅसिड लावलं नि तोंडाची अशी आग झाली म्हणता! चेहरा आधी पांढराफटक पडला, मग सुजला, तपकिरी झाला, आणि पाचव्या दिवशी उकडलेल्या बटाट्यासारखी सालं सुटायला लागली. नवरा म्हणाला, "दार तू उघडू नकोस. दूधवाला उद्यापासून यायचा नाही."

आई दोन गल्ल्या पलीकडे भावाकडे असते. तिला आता काही आठवत नाही. भाऊसुद्धा तिच्या लेखी अधूनमधून पाहुणा होतो. मी तेवढी ओळखू यायचे, आणि दुपारचं जेवण माझ्याच हातून व्हायचं. ते तोंड बघून घाबरेल म्हणून दहा दिवस गेले नाही. वहिनी फोनवर सांगायची, "दोन घास घेतात नि तोंड मिटतात हो."

अकराव्या दिवशी टोपी, स्कार्फ, क्रीम असा सगळा जामानिमा करून गेले. आईसमोर स्कार्फ सोडला. बघ बाई, म्हटलं मनात, गेलं एकदाचं.

"या, बसा," आई म्हणाली. "आपण कोण?"

"अगं, मी!"

ती नुसती हसली, पाहुण्यांना हसतो तसं. मी वरण-भात कालवून घास पुढे केला. तिनं तोंड फिरवलं.

"नको हो. माझी मुलगी येते दुपारची. ती आल्याशिवाय मी जेवत नाही." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमच्यासारखी नितळ नाही ती. वांग आहे गालांवर. मी उगाच बोलत राहिले तिला."

वांग नव्हता म्हणून, की दहा दिवस मीच नव्हते म्हणून? आवाज तोच, बांगड्या त्याच. कुणाला विचारायचं हे? आधी मला हसू आलं, मग रडू. डोळ्यांतलं पाणी नव्या कातडीला झोंबलं.

"किती वाजता येते?" मी विचारलं.

"येईलच. थांबा ना, भेटून जा."

मी घास ताटात ठेवला, आणि आम्ही दोघी माझी वाट बघत बसलो.