शेवटाला कच्चा टाका

मंडळ म्हणावं इतक्या आम्ही नाही. शनिवारी दुपारी भोरला चौघी जमतो आणि सध्या कोण काय वाचतंय ते एकमेकींना सांगतो. पुस्तकं हातोहात फिरतात, काही विसरूनही जातात. साठत जातात ते त्यांच्यापायी झालेले किस्से. आधीचे हसण्यासारखे होते. यंदाचे तसे नाहीत, तरी सांगते.

जमतो सुमनताईंच्या घरी. त्या शाळेतून रिटायर झालेल्या. नसीमभाभी टेलर, वैशाली मेडिकलच्या दुकानात कामाला. चौथी मी, सारोळ्याहून एसटीनं तीन वर्षांच्या ओवीला काखेत मारून येणारी. या तिघींसमोर पुस्तकाबद्दल बोलायची आपली लायकी आहे का, हा प्रश्न मला दर शनिवारी सारोळ्याच्या पुलापासून भोरपर्यंत पुरतो.

नियम दोनच. पहिला, शेवट कुणी सांगायचा नाही. त्यासाठी नसीमभाभी प्रत्येक कादंबरीची शेवटची पानं कडेनं कच्च्या टाक्यानं शिवून टाकतात. दुसरा, जिचं पुस्तक संपत येईल तिनंच टाका उसवायचा, वाचायचं आणि शेवटच्या पानावर पेन्सिलनं सही-तारीख करायची. सहीची सवय मूळची ताईंची.

* * *

टाक्याचा नियम मोडणारी पहिली मीच.

कादंबरीत लहान मूल आलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. एकीत मुलगा विहिरीच्या कडेला खेळत होता आणि प्रकरण तिथंच संपलं. ओवी शेजारी ढाराढूर. मी टाका उसवला, शेवट पाहिला आणि परत शिवून ठेवला.

शनिवारी भाभींनी पुस्तक नुसतं हातात धरलं. "ह्यो दोरा माजा न्हाई. माजा पांढरा असतोय, ह्यो मोतिया हाय."

मी मान खाली घातली.

जरा वेळानं त्यांनीच हळूच विचारलं, "पोरगं जगलं का गं?"

"जगलं."

"बरं झालं. पर ह्ये कुणाला सांगू नगंस."

* * *

वैशालीचं माहेर पासलीचं. भातलावणीला गेली तेव्हा वाचत असलेली कादंबरी आवणात, लावणीच्या खाचरात, रोज थोडी थोडी सांगायची. नवऱ्याचा मार खाणारी बाई, तिची गोष्ट. बायका वाकून रोपं लावत ऐकायच्या. शेवटच्या दिवशी एकीनं विचारलं, "मग ती म्हायेरी गेली का?"

"न्हाई, गेली न्हाई."

"मग खरी गोष्ट हाय," ती म्हणाली आणि रोपांची पुढची मूठ घेतली.

वैशालीनं हे आम्हाला शनिवारी सांगितलं. ताईंनी चहा टाकला.

* * *

मग ताईंचं दुखणं आलं. त्यांच्या मुलानं आम्हाला दारातच गाठलं. "आईला फक्त इन्फेक्शन सांगितलंय. डॉक्टर काय म्हणाले ते तिला कळता कामा नये. तुम्ही पण तेवढं सांभाळा."

आम्ही माना डोलावल्या. शेवट न सांगण्याची सवय आम्हाला होतीच.

पुस्तक धरायची ताकद ताईंच्या हातात राहिली नव्हती. म्हणाल्या, "ही जाडी कादंबरी कधीची आणून ठेवलीय, वाचायची राहिली. पाळीपाळीनं वाचून दाखवा." पानं शिवलेलीच होती. "मीच शिवली," ताई म्हणाल्या.

भाभींनी कड न्याहाळली. "टीचर, ह्यो टाका हाय का मुंग्यांची रांग?"

* * *

पहिल्या दोन शनिवारी भाभी आणि वैशालीनं वाचलं, सुरळीत. तिसरी पाळी माझी. कादंबरीतल्या आईचा, माईचा, ताप उतरेना. तिला दवाखान्यात नेलं. पुढच्या चार ओळींवर माझी नजर गेली आणि मी सरळ सहा पानं उलटली. स्वतःच्या मनानं जोडलं, "सकाळी माईचा ताप उतरला."

ताई डोळे मिटून ऐकत होत्या.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी वैशालीनं पुस्तक उघडलं तर माईच्या तेराव्याचा स्वयंपाक चाललेला. वैशाली अडखळली, पाणी प्यायली आणि तेराव्याचं बारसं करून टाकलं.

"बारसं कुणाचं?" ताईंनी विचारलं.

"शेजारच्यांचं."

"आणि एवढी माणसं रडतायत ती?"

"पोरगी लई वर्सांनी झालीय वो, म्हणून."

त्यानंतरच्या शनिवारी भाभींच्या वाट्याला लेक माईची ट्रंक उघडते तो प्रसंग आला. त्यांनी माईलाच न्हाणीतून बाहेर आणलं आणि तिच्या तोंडून लेकीला दम भरला, "माज्या ट्रंकेला हात लावू नगंस."

त्या दिवशी गल्लीत उभं राहून आम्ही तिघींनी ठरवलं, माईला शेवटपर्यंत जिवंत ठेवायचं. तिनं कुठे काय करायचं ते मी मोबाईलमध्ये लिहून ठेवलं. ओवीच्या लसींच्या यादीखाली.

* * *

शेवटचं प्रकरण माझ्यावर आलं. ताई तोवर फार उतरल्या होत्या, आवाज जेमतेम यायचा. भाभींनी मुंग्यांची रांग कापली. कादंबरीत लेक रिकाम्या घराला कुलूप लावून एकटी स्टँडवर जाते. मी वाचलं की माई आधीच स्टँडवर बसलेली असते, पिशवी मांडीवर घेऊन. एसटी येते. दोघींना जागा मिळते.

"संपलं?" ताईंनी विचारलं.

"संपलं."

"पेन्सिल दे."

मी शेवटचं पान उलटलं. मागच्या कोऱ्या बाजूवर वळणदार अक्षरात आधीच एक सही होती. ताईंची. खाली तारीख, चार वर्षांपूर्वीची.

मी पुस्तक तसंच ताईंसमोर धरलं. वैशालीनं ती सही पाहिली आणि खिडकीकडे तोंड केलं. भाभींनी पुस्तक खालून धरलं. ताईंनी जुन्या सहीखाली दुसरी सही केली, फार वेळ घेऊन. आजची तारीख घातली. मग पेन्सिल परत न देता पुढे कंसात दोन शब्द लिहिले.

(सुधारित आवृत्ती)