वत्सलाआक्का आणि काळ्या रंगाचे मडके

वत्सलाआक्कांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या नायलॉनच्या साडीमुळे. वीसेक वर्षे झाली त्याला. बी.ए. होऊन मी नुकतीच कचेरीत लागले होते आणि वडिलांसाठी हातकताईच्या सुताची बंडी सांगायला मंगळवार पेठेत आक्कांच्या घरी गेले होते. मुलींच्या शाळेत शिवण शिकवून परतलेल्या आक्का ओसरीवर टकळी फिरवत होत्या. त्यांनी मला 'बसा' म्हटले नाही. माझ्या पदराचे टोक चिमटीत धरून चोळले आणि मागच्या शेडमध्ये मागावर बसलेल्या हुसेनमामांना ओरडून सांगितले, "मामा, ही पोरगी घामानं भिजंल, पर साडी कोरडीच ऱ्हाणार बघा."

आतून उत्तर आले, "गिऱ्हाइकाला असं बोलता, आनि मग म्हणता गिऱ्हाईक का येत न्हाय."

त्या दिवशी मी रोजनिशीत लिहिले, 'बाई फटकळ आहेत. बंडी मात्र चांगली होईलसे वाटते.' दोन्ही अंदाज खरे ठरले.

यंदा आक्कांना पंचाहत्तरावे वर्ष लागले. गल्लीने त्यांच्या गौरवाचे ठरवून समिती नेमली, तेव्हा तिच्यातर्फे मीच सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "गौरव म्हंजे शाल, नारळ आनि आता घरात बसा. व्हय का न्हाय?" मी 'नाही' म्हटले. घरी येताना मात्र मला माझ्याच 'नाही'ची खात्री वाटेना. कारण दिवाळीपासून आक्का खरोखरच घरात बसल्या होत्या. डोळ्यांचे ऑपरेशन होऊनही नजर पुरती आली नाही, आणि एकदा त्यांनी तपकिरी सुताची लड काळी समजून मामांच्या हाती दिली. मामांनी काही न बोलता ती बदलून घेतली. ते न बोलणेच आक्कांना लागले असावे. त्यानंतर ओसरीवरून मागच्या शेडपर्यंतही त्या आल्या नाहीत. आक्का पुन्हा कामावर येणार की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवून नुसती त्यांची स्तुती लिहिणे मला जमेना. गौरवलेखात असे लिहावे का, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

ज्या दिवसांत अंगावर टेरिलीनचा शर्ट असणे हीच प्रतिष्ठा होती, त्या दिवसांत आक्कांनी गल्लीतल्या बायका जमवल्या आणि त्यांना सूत कातायला बसवले. मामा विणीत, आक्का बेतून हाताने शिवीत. बंडीच्या निमित्ताने आलेली मीही पुढे त्या बायकांत बसू लागले. हळद, मंजिष्ठा, डाळिंबाची साल यांचे रंग आम्ही सगळ्याजणी शिकलो. काळा मात्र आक्कांचा. मडक्यात गंजलेले लोखंड, कोडोलीचा गूळ आणि पाणी घालायचे, तोंडाला फडके बांधायचे आणि वाट पाहायची. हिरड्याच्या पाण्यातून काढलेले सूत त्यात बुडवले की डोळ्यांदेखत काळे होते. पण मडके कच्चे असेल, म्हणजे आतले पाणी पुरते मुरले नसेल, तर काळ्याऐवजी राखाडी रंग येतो.

एकदा हुसेनमामांनी शिरोलीच्या कुठल्याशा कारखान्यातून लोखंडाचा चकचकीत कीस आणला. लोखंड ते लोखंड, असा त्यांचा हिशेब. किसाला यंत्राचे तेल होते. ते मडक्यात तरंगले आणि सगळ्या सुतावर चट्टे पडले. मामा मान खाली घालून उभे राहिले. आक्का म्हणाल्या, "तेल जाळून घ्या असं मी कुठं सांगितलं होतं? म्हंजे चूक माझी." त्या सुताच्या कापडाची त्यांनी स्वतःसाठी बंडी शिवली आणि किती हिवाळे तीच घातली. कोणी विचारले तर सांगत, "बिबट्याची हाय." मामांना चिडवायची संधी त्यांनी कधी सोडली नाही, पण कीस कोणी आणला हे बाहेरच्या कुणाला सांगितलेही नाही.

माझा मुलगा झाला तेव्हा आक्का झबले घेऊन आल्या. सूत इतके मऊ की गाठ बोटाला लागू नये, आणि रंग मुळीच नाही. "ह्याला कोरंच ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "आधी पोराचा रंग तर कळू दे." ते झबले पुढे गल्लीतल्या कितीतरी बाळांच्या अंगावर गेले. परत येताना दरवेळी थोडे अधिक मऊ होऊन आले.

गौरवाची शाल विकत आणायची नाही, एवढे आमचे एकमत होते. सूत सगळ्याजणींनी कातले. काठ मंजिष्ठेचा, अंग काळे. "गौरवाला काळी शाल?" असे एकीने विचारले. "मग आक्कांना काय गुलाबी घालतीस?" असे दुसरीने. मडके घातले, पण ते तयार झाले की नाही हे कोणालाच सांगता येईना. रोज फडके सोडून आम्ही आत पाहत होतो आणि एकमेकींकडे पाहत होतो. शेवटी एका सकाळी मामांनी मडकेच उचलून ओसरीवर नेऊन ठेवले.

"हे काय?" आक्कांनी विचारले.

"तुमच्या शालीचा काळा. झालाय का सांगा."

"मला दिसत न्हाय, ठाऊक हाय की तुमाला."

"आक्का, तुमी कवा बघत होता?" मामा म्हणाले. "तुमी तर वास घेत होता."

आक्का मडक्याजवळ सरकल्या. मग चाचपून त्यांनी फडक्याची गाठ सोडली, वाकून वास घेतला, बोट बुडवून अंगठ्यावर चोळले. "गूळ कुणी घातला? हात आखडता घेतलाय. आनि एक खडा टाका. आज न्हाय हे."

"मग कवा?"

"उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी काठी टेकत त्या स्वतःच शेडमध्ये आल्या. वास घेतला. "आज न्हाय." तेव्हापासून हे रोज चालू आहे. येतात, वास घेतात, कातणाऱ्या बायकांच्या दोनचार चुका काढतात, चहा पितात, जातात. मडके खरेच कच्चे आहे की आक्काच लांबवत आहेत, अशी शंका मला आली. मामांना विचारले. "दोन्ही असंल," ते म्हणाले.

समारंभ तोंडावर आला आहे आणि माग अजून रिकामा आहे. तेव्हा समितीच्या वतीने आधीच सांगून ठेवते. त्या दिवशी आक्कांच्या हाती फक्त नारळ पडेल. शाल त्यांनी सांगितल्यावर होईल. त्यांना उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो, हे तर आपण सगळे मागतोच. माझे मागणे थोडे अधिक आहे. रोज सकाळी मडक्यावर वाकून आक्कांनी 'आज न्हाय' म्हणावे आणि तितकेच 'उद्या' त्यांच्या वाट्याला यावेत. शालीची आम्हाला घाई नाही.