बर्फगाडीचा ट्रेलर आणि पथकाची शिट्टी

तो माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. लीड्समधलं आमचं ढोल-ताशा पथक त्यानं सुरू केलं, नऊ वर्षं तोच चालवत होता, आणि मिरवणुकीत गळ्यात शिट्टी अडकवून सगळ्यांच्या पुढे तोच चालायचा. एक शिट्टी झाली की ताशे सुरू, दोन झाल्या की ठेका बदलायचा. मूळचा पुण्याचा. आपण तोंड उघडलं म्हणजे समोरच्याचं शिक्षण झालं, असा कायम चेहरा. त्याचा सगळा जीव त्या शिट्टीत होता, आणि मला ती हवी होती.

मी सांगलीची. मिरज रस्त्याला वडिलांचं उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचं दुकान आहे. बाकीच्या मुली भातुकली खेळत होत्या तेव्हा मी बेअरिंगमध्ये ग्रीस भरत होते. इथे हॉस्पिटलात एक्स-रे काढते, पण चाक हातानं फिरवलं तर आतलं बेअरिंग कसं आहे ते आजही आवाजावरून सांगते. पथकात हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे मी नुसती वहिनी होते, उपमा चांगला करणारी.

पथकाला ट्रेलर घ्यायचा ठरला तेव्हा हा म्हणाला, उघडा घेऊ, वर ताडपत्री टाकू. लीड्सच्या पावसात वीस ढोल ताडपत्रीखाली. मी भर मीटिंगमध्ये विचारलं, “अहो, ढोल वाजवायचेत की भिजत घालायचेत?” सगळे हसले. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि मला फार बरं वाटलं. बंदिस्त ट्रेलर शोधायचं काम मग माझ्याकडे आलं.

तो मिळाला स्कॉटलंडमध्ये. एक म्हातारा आयुष्यभर तिथल्या डोंगरांवर स्कीइंगच्या जागी कामाला होता, आणि स्वतःची स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर पळणारी गाडी, त्या ट्रेलरमधून न्यायचा. गाडी मागून चढवायची आणि पुढून उतरवायची म्हणून दोन्हीकडे उतरती दारं. जमिनीत पट्टे बांधायच्या कड्या, आणि वितळलेल्या बर्फाची ओल निघून जावी म्हणून छताजवळ झरोके. ढोलांसाठीच बनवल्यासारखा. मी आडवी होऊन खाली शिरले. सांगाड्याला पेचकसानं टोचून गंज किती खोल आहे ते बघितलं. मग आत जाऊन फळ्यांवर टाचा आपटल्या, मऊ लागतात का म्हणून. एकेक चाक जॅकवर उचलून हलवलं.

तेवढा वेळ म्हातारा बाहेर उभा राहून सूचना देत होता आणि आमचा पुणेकर त्या फोनमध्ये टिपून घेत होता. अकरा सूचना. परतताना गाडीत मी म्हटलं, “परीक्षेला बसताय का?” मी त्या अकरातली एकही ऐकली नव्हती. ऐकायची गरज काय होती? बेअरिंग माझ्या घरातलं.

ट्रेलर उभा राहायचा त्याच्या दारात, कारण आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. म्हणजे काम माझं आणि रुबाब त्याचा. सप्टेंबरात गणपतीच्या आधी मी चारही चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो मधला भाग, उघडले, जुनं ग्रीस पुसून नवं भरलं. त्याच्या ड्राइव्हवेवर चटई टाकून दोन शनिवार. चहा त्याच्या बायकोनं आणून दिला, त्यानं नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्या दुकानात त्या दिवशी पान्यांपासून जॅकपर्यंत सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. इथे मी तेच करायचं ठरवलं, फक्त वडिलांची बादली आणि फडकं नव्हतं. शेजाऱ्याचा प्रेशर वॉशर मागून आणला. चाकांवर गावभरचा चिखल बसला होता. मी पाण्याची धार सरळ हबवर धरली आणि लोखंड चकाकेपर्यंत हलले नाही. तेवढ्यात हा स्लिपर घालून बाहेर आला.

“वहिनी, एक मिनिट. त्या अंकलनी सांगितलं होतं की—”

“सणासुदीचं पायात येऊ नका,” मी म्हटलं, आणि वॉशरची मोटर चालूच ठेवली. तो आत गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिला. मी चारही चाकांना हळदकुंकू लावलं, माळा घातल्या, ग्रुपवर फोटो टाकला. एकशे चार लाइक आले. मी ते मोजले होते.

हिवाळाभर ट्रेलर जागचा हलला नाही. पाडव्याला मँचेस्टरच्या मंडळानं शोभायात्रेला बोलावलं. निघायच्या आधी मी चाकं हलवून बघितली, घट्ट होती. हब उघडले नाहीत. आपणच ग्रीस भरलंय, मग कशाला, असा विचार केला. पुणेकर त्याच्या गाडीनं ट्रेलर ओढत पुढे, मी आणि नवरा आमच्या गाडीतून मागे. एम बासष्ट या मोटरवेच्या चढावर डावीकडच्या मागच्या चाकातून धूर यायला लागला. मग चाक डुगडुगायला लागलं. नवऱ्यानं हॉर्न दाबून धरला. ट्रेलर एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे, बाजूच्या लेनमधल्या लॉरीनं करकचून ब्रेक मारला, आणि कसाबसा तो कडेच्या पट्टीवर जाऊन थांबला. चाक पूर्ण निसटलं असतं तर ते थेट आमच्या काचेवर आलं असतं.

दोन तास आम्ही त्या वाऱ्यात कठड्यापलीकडे उभे होतो. नऊवारी आणि वरून टोपीचं ॲनोरॅक जाकीट. मँचेस्टरवाल्यांनी शेवटी स्पीकरवर रेकॉर्डिंग लावून शोभायात्रा काढली. ट्रक घेऊन आलेला मेकॅनिक चाकापाशी वाकून काहीतरी म्हणाला. ते आमच्या पुणेकरानं ऐकलं. मी लांब होते, आणि कशावर काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करत होते.

पुढच्या रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये मीटिंग झाली. मी उभी राहिले आणि एक गोष्ट शिल्लक ठेवली नाही. ट्रेलर तुमच्या दारात उघड्यावर उभा होता. ढोल तुम्ही एका बाजूला जास्त लादले. ट्रेलर मागे असताना ताशी साठ मैलांच्या वर जायचं नसतं, तुम्ही गेलात. वाटेत सर्व्हिसेसच्या थांब्यावर उतरून हबला हात लावून बघायचा असतो, चटका बसला तर पुढे जायचं नसतं, तुम्ही थांबलाच नाहीत. थांबा असा फोन मीही केला नव्हता, पण ते कुणी विचारलं नाही. शेवटी मी म्हटलं, “ज्याला एक चाक सांभाळता येत नाही, त्यानं साठ माणसं कशाला सांभाळायची?”

त्याचा हात खिशाकडे गेला, फोनच्या खिशाकडे, आणि परत आला. मग त्यानं गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली आणि कोट घालून निघून गेला. ती मी उचलली. घरी जाताना नवरा एवढंच म्हणाला, “जरा जास्तच बोललीस तू.” मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

दुरुस्तीचं काम अर्थात माझ्याकडेच होतं. जळालेल्या हबचं काही उरलंच नव्हतं. म्हणून दुसरा उघडला, काय अवस्था आहे बघायला. आत ग्रीस नव्हतं. फाटलेल्या दुधासारखं पांढरट पाणचट काहीतरी होतं, आणि बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे खड्डे. बाकीचे दोनही तसेच. मी वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि बेअरिंग कॅमेऱ्यासमोर धरलं. त्यांनी चष्मासुद्धा घातला नाही.

“पाणी गेलंय आत,” ते म्हणाले. “जोराचं पाणी मारलं की रबराचं सील थांबवत नाही त्याला. कुठल्या गाढवानं धुतलं गं हे?”

मी म्हटलं, इथे सिग्नल नीट नाही, नंतर करते.

मी त्याच्याच ड्राइव्हवेवर बसले होते. दार दहा पावलांवर. ती दहा पावलं मी कशी गेले ते माझं मला ठाऊक. त्यानं दार उघडलं, माझ्या काळ्या हातातलं बेअरिंग बघितलं आणि काही न विचारता फोन काढून समोर धरला. म्हाताऱ्याच्या अकरा सूचना, नीट आकडे घालून. सातवी होती: हबवर प्रेशरचं पाणी कधी मारायचं नाही.

“मेकॅनिक हेच म्हणाला?” मी विचारलं.

“हो.”

“मग मीटिंगमध्ये का नाही दाखवलंत? खिशात होतं की.”

“दाखवलं असतं तर तुम्ही पथक सोडून गेला असता,” तो म्हणाला. “शिट्टी काय, कुणीही वाजवेल, वहिनी. ती चाकं दुसरं कोण बघणार होतं?”

मला त्याचा असा राग आला की विचारू नका. भांडला असता तर मी भांडले असते. टोमणा मारला असता तर दोन परत दिले असते. या माणसानं नऊ वर्षांचं पथक माझ्या हातात ठेवलं, का तर मला बेअरिंग कळतं म्हणून, आणि मला तेवढंच कळत नव्हतं. मी परत जाऊन चटईवर बसले. चाकाचे सहाच्या सहा नट चुकीच्या बाजूला पिळत होते, ते बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

पुढच्या सरावाला मी त्याला बोलावून घेतलं. साठ माणसांपुढे सांगितलं की बेअरिंग मी घालवलं, खंडेनवमीला, पूजा करताना, आणि हे सांगायला आले होते तेव्हा मी त्यांना हाकलून दिलं. माफी मागते म्हणाले. आवाज चिरकला, त्याचाही मला राग आला. मी गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या हातावर ठेवली.

मला वाटलं तो मोठेपणानं नको म्हणेल, मग मी आग्रह करीन. तो नको म्हणाला नाही. त्यानं ती कुर्त्याला दोनदा नीट पुसली आणि मगच तोंडात घातली.