ट्यूबखालचा पेला

ब्लाझेना आमच्या काचभट्टीत रंगाचा माल तोलायची. निओडिमियम ऑक्साइडचा डबा तिच्याच ताब्यात. फिकट निळसर भुकटी. हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून झाकण उघडं दिसलं की बाई अंगावर धावून यायची. ही भुकटी मिसळलेली काच उन्हात जांभळी दिसते, ट्यूबलाइटखाली निळी. म्हणून आमच्याकडे रंग पारखायचा तो खिडकीत, दिवसाउजेडी. ट्यूबखाली रंग ठरवणाऱ्याला आम्ही वर्षभर चिडवायचो.

ज्योतीवर काच घडवणारा रादिम तिचा होणारा नवरा. त्याच्या चष्म्यातही तीच भुकटी, ज्योतीचा पिवळा झगझगाट गिळून टाकणारी. लग्नासाठी त्याने त्याच भुकटीचे दोन जांभळे पेले केले. अडुसष्ट साली प्रागमध्ये रशियन रणगाडे शिरले, तेव्हा त्यातला एक घेऊन तो जर्मनीत पळाला. "महिन्याभरात बोलावून घेतो," म्हणाला. सरहद्द बंद झाली. त्याने तिकडे संसार थाटला, हिने इकडे वाट पाहिली. मला त्या माणसाचा संतापच यायचा. "त्याला मी आठवत असेन का गं?" हे तिने इतक्यांदा विचारलं, की मी उत्तर द्यायचं सोडलं होतं.

ब्याण्णव सालच्या हिवाळ्यात त्याची मुलगी गुद्रुन आली. रादिम वारला होता. पेला ब्लाझेनाला द्या, एवढंच सांगून गेला होता. ब्लाझेनाच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी, दुपारीही ट्यूब लागलेली. दोन्ही पेले शेजारी ठेवले, सारखेच निळे. ब्लाझेनाने सवयीने ते खिडकीशी नेले. तिचा जांभळा झाला. त्याचा निळाच राहिला.

"हा तो नाही," ती म्हणाली.

गुद्रुन रडवेली झाली. "लहानपणी माझ्या हातून फुटला हो. आईने ट्यूबखाली तुकड्याशी रंग जुळवून गुपचूप दुसरा आणला. बाबांना कळलंच नाही. रोज त्यातूनच प्यायचे."

"रोज? कधी?" ब्लाझेनाने विचारलं.

"दिवे लागल्यावर. दिवसा कपाटाबाहेर काढू द्यायचे नाहीत. आई हसायची, म्हणायची, ट्यूब लावल्याशिवाय या माणसाला तहानच लागत नाही."

काचेत जन्म काढलेल्या माणसाला कळलं नाही म्हणे! ट्यूबखालीच तेवढा तो पेला त्या जुन्या पेल्यासारखा दिसायचा, म्हणून तर त्याने त्याला कधी ऊन दाखवलं नाही. माझा इतक्या वर्षांचा राग कुठल्या कुठे गेला.

ब्लाझेनाने गुद्रुनचे डोळे पुसले. "नाही कळलं त्याला, पोरी. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

मग तिने दोन्ही पेले पुन्हा ट्यूबखाली आणून ठेवले आणि खिडकीचा पडदा ओढला. तो प्रश्न तिने मला परत कधी विचारला नाही.