हर्षलाचं पिवळं दुपटं

डोळखांबजवळच्या पाड्यावरच्या हर्षलाला सातवा महिना लागला, तेव्हा तिने शहापूरच्या बाजारातून पिवळी लोकर आणि दोन सुया आणल्या. बाळाचं दुपटं तिला स्वतःच्या हातांनी विणायचं होतं. विणकाम येत नव्हतं, म्हणून ती मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकत होती.

ऐंशी टाक्यांनी सुरुवात केली. वीतभर विणल्यावर मोजले तर एकशेदोन भरले, आणि दुपटं सुपासारखं एका बाजूला पसरलं होतं. चूक काही सापडेना.

तिचे सासरे चांगो ओटीवर मासे धरायचं जाळं विणत बसायचे. सुनेशी ते कामापुरतंच बोलत. त्या दुपारी मात्र त्यांनी हात पुढे केला.

"दे गो इकडं."

त्यांनी दुपटं निरखून पाहिलं. "ओळ बदलताना दोरा सुईवर चढतो तुझा. एकाचे दोन होतात. आमच्या जाळ्यातबी असंच होतं."

हर्षलाने सगळं उसवलं आणि नव्याने टाके घातले. आता दोघं रोज शेजारी बसून विणू लागली. एकदा तिची पाठ भरून आली, तेव्हा चांगोंनीच सुया मागून घेतल्या.

"यात काय कठीण नाय," असं म्हणत त्यांनी पहिल्याच ओळीत तीन टाके सोडले. हर्षलाला हसू आवरेना. तेही हसले. मग तिने त्यांना शिकवलं.

मुलगी झाली. ती दुपट्यात गुंडाळूनच घरी आली. शेजारणीने विचारलं, "कोणी विणलं गो?"

हर्षलाच्या आधी चांगोच म्हणाले, "आमी दोघांनी," आणि नातीला मांडीवर घेतलं.