सोलापुरातला ल्युपिन

झाडाला चुकीच्या नावानं हाक मारलेली सहन न होणारा माणूस साऱ्या पृथ्वीतलावर एकच असेल, आणि ते नेमके माझे व्याही आहेत. लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी त्यांच्या हातावर सोनं ठेवलं, तर त्यांनी पान उलटंसुलटं करून माझ्याच हातात परत दिलं. "व्याही, हे कांचन हाय. आपट्याचं पान यापेक्षा लहान आन् जाडसर. नवी पेठेत समदे हेच विकत्यात. खरं आणा, मग गळाभेट." मी मुकाट्यानं परत गेलो. तेव्हापासून त्यांच्या घरी मी कोथिंबीरसुद्धा दोनदा पाहून नेतो.

अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी रंगमास्तर म्हणून उमर घालवली. एका निळ्यात त्यांना इतके निळे दिसतात की, त्यांच्याबरोबर शर्ट घ्यायला जाणं म्हणजे अख्खी दुपार गेली. गच्चीवरच्या टबांत त्यांनी काय काय जगवलंय! पण खरी हौस सुरू झाली ती विहीणबाईंमुळे. त्या परदेशात मुलाकडे, म्हणजे माझ्याच लेकीच्या घरी राहून आल्या. तिथल्या अंगणात ल्युपिन नावाचं रानटी फुलझाड दरवर्षी आपोआप उगवतं, त्याचे निळे तुरे त्या रोज बघत बसायच्या. परत आल्या आणि गुडघ्यांनी दगा दिला, डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. "आता कुटली ती फुलं दिसत्यात मला," असं त्या एकदा म्हणाल्या, आणि व्याह्यांनी बी मागवलं.

हे थंड मुलखातलं झाड, आणि आमचं सोलापूर! व्याह्यांनी बी पॉलिश पेपरवर घासलं, भिजवलं आणि हिवाळा भासावा म्हणून ओल्या टॉवेलच्या तुकड्यात बांधून फ्रिजमध्ये ठेवलं. आता मराठी घरातल्या फ्रिजमध्ये ओल्या फडक्यात बांधलेलं बारीक कडधान्य म्हणजे काय असणार? विहीणबाईंनी त्याला कांदा-लसणाची फोडणी दिली. "लई कडू हाय की हो ही मटकी," म्हणत पहिल्याच घासाला थुंकल्या, म्हणून बरं; ते बी विषारी असतं. व्याही रागावले नाहीत. पुडीत उरलेलं बी घेऊन पुन्हा घासायला बसले.

रोपं आली. बोटं पसरलेल्या तळव्यासारखी पानं, मधोमध दवाचा थेंब. व्याही त्यांच्यावर ओले टॉवेल ताणायचे, भर दुपारी बुंध्याशी बर्फ ठेवायचे. मी मनात हसायचो आणि त्यांच्याकडे जाताना बर्फाची पिशवी घेऊन जायचो. पुढे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि गच्ची बंद झाली. पाणी घालायचं काम शेजाऱ्यांकडे गेलं. पावसाळा सरता सरता विहीणबाईंचा फोन आला, "फुललं की हो! लवकर या!" मी पेढे घेऊन धावलो.

टबात जांभळट तुरे डुलत होते. विहीणबाई कठडा धरत धरत वर आल्या होत्या, चेहरा नुसता उजळलेला. व्याह्यांनी नवा चष्मा सारखा केला, एक पान टोकाला धरून ओढलं. ते बाणाच्या पिसासारखं तिरकं तुटलं. मला काही कळलं नाही, पण त्यांचा चेहरा कळला. मी डोळ्यांनी खुणावलं, राहू द्या. आयुष्यात एकदा खोटं बोललात तर काय बिघडलं?

"ही उन्हाळी हाय," ते हळूच म्हणाले. "आपल्या बांधावरचं रानझुडूप. मातीबरोबर आली आसंल. ल्युपिनचं पान असं तुटत न्हाय. आपलं ते गेलं सगळं. मला न्हाय जमलं."

विहीणबाई टबाशेजारी टेकल्या. "जाऊ द्या हो. फुलाचं काय एवढं. तितं संध्याकाळी पोरगं आन् सूनबाई माझ्याजवळ येऊन बसायची. म्हणून ती फुलं आठवत्यात."

ती सूनबाई म्हणजे माझी लेक. पेढ्यांचा पुडा तसाच माझ्या हातात राहिला. मग व्याही खाली गेले आणि तीन खुर्च्या वर घेऊन आले. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं त्या उन्हाळीसमोर बसलो. विहीणबाई तिला एकदा चुकून ल्युपिन म्हणाल्या, आणि व्याह्यांनी दुरुस्त केलं नाही.