टॅपेटचा आवाज आणि बिराजदार

चार ओव्हरसियर एका ऑफिसात ठेवा, चौघांना बुलेट द्या आणि वरून दुष्काळ पाडा. किस्से गोळा करायला जावं लागत नाही, तेच धुळीसारखे अंगावर येऊन बसतात. इतक्या वर्षांनी झटकायला घेतले तर अजूनही निघतात!

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. माझी बदली नांदेडहून झाली. ऑफिसात टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या. तसंही खुर्चीत बसतो कोण? पाऊस नव्हता, जिकडेतिकडे पाझर तलावाची कामं निघालेली. सकाळी गाडीला किक मारायची आणि औसा, निलंगा, देवणी करत फुफाट्यातून हिंडायचं.

आता खरं सांगून टाकतो. आमच्यातल्या बिराजदारवर मी जळायचो. त्याच्या हुशारीवर नाही, पगारावरही नाही. त्याच्या बुलेटच्या आवाजावर! माझ्या गाडीचे टॅपेट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह ढकलणारे तुकडे, सैल होऊन भांड्यांच्या दुकानात उंदीर शिरल्यासारखे वाजायचे. त्याची गाडी नुसती 'डुग डुग डुग', वर एक टकटक नाही.

एकदा तो घरी आला. बायको दार उघडून म्हणाली, "अगंबाई, भाऊजी कधी आले? कळलंच नाही!"

तो गेल्यावर माझ्याकडे वळली. "तुम्ही चौकात आलात की मी तवा ठेवते. सोय आहे म्हणा."

त्या दिवशीची पोळी काही गोड लागली नाही.

*

चौघांच्याही गाड्या दुरुस्तीला हमीदचाचांकडे. गंजगोलाईच्या बाजारामागं टिनाचं शेड, त्यात चाचा आणि त्यांचे पाने. फट मोजायचं फीलर गेज वगैरे भानगड नाही. सिलिंडरच्या बाजूचं झाकण काढायचं, आतली उभी दांडी, म्हणजे पुशरॉड, चिमटीत धरायची. "बोटानं फिरली पायजे, वर-खाली हलली न्हाई पायजे. बस."

हे करायचं इंजिन थंड असताना. मी आपला औशाहून भर दुपारी आलो. साइटवर साहेबांनी झापलेलं, डोकं फिरलेलं. म्हटलं, "चाचा, टॅपेट आत्ताच्या आत्ता करा!"

चाचांनी लांबूनच सिलिंडरवर हात धरला, मग माझ्याकडं बघितलं.

"इंजिन तापलंय, तुम्ही बी तापलाय. दोघं थंड होऊन सकाळी या!"

बिराजदार तिथंच होता. तो आदल्या दिवशी गाडी ठेवून सायकलनं घरी गेलेला. थंड गाडी घेऊन, थंड डोक्यानं तो निघून गेला.

*

आमच्यातला तिसरा पाटील. याचं सगळंच निवांत. देवणीच्या कामावर जाताना त्याच्या गाडीचा खडखडाट इतका वाढला, की रस्त्यावरचे बैल बुजायला लागले. मी म्हटलं, "पाटील, चाचांना दाखव."

दुसऱ्या दिवशी भेटला तर खुशीत. "मिटला बघा आवाज!"

"काय केलं?"

"कानात कापूस घातला."

चौथे कुलकर्णी. त्यांची बुलेट त्यांनी कधी चालवलीच नाही, पुसली फक्त. त्यामुळं त्यांचा किस्सा नाही.

*

शेवटी माझी गाडी चढावर दम टाकायला लागली. चाचांनी वरचं झाकण उघडलं. आत दोन रॉकर असतात, पुशरॉडनं ढकललं की ते व्हॉल्व्ह दाबतात. त्यातल्या एकाच्या टोकाला चक्क खड्डा पडलेला. मी गाडीत ऑइल किती महिन्यांपूर्वी टाकलं होतं ते मलाही आठवेना. वर ऑइल नेणारी बारकी नळी गाळानं गच्च.

चाचांनी आत बोट फिरवून बाहेर काढलं. कोरडं.

"साहेब," चाचा म्हणाले, "अख्ख्या जिल्ह्याला टँकर लावून राहिले, अन् हिच्या डोक्यावर थेंब न्हाई!"

सगळे हसले. बिराजदार नाही हसला, तेच जास्त झोंबलं. तो गंभीरपणे म्हणाला, "गायकवाड साहेब, मी ऑइल वेळेवर बदलतो. नळी पण काढून फुंकतो. रॉकर झिजतच नाही."

तुला विचारलं कुणी!

*

मग कार्यकारी अभियंता आले. जीप नदीच्या वाळूत रुतली, पलीकडं तलाव. साहेब म्हणाले, "कुणाच्या तरी मोटारसायकलवर जाऊ."

मी पटकन किक मारली, सीट रुमालानं पुसली. साहेब दोन पावलं माझ्याकडं आले, थांबले, कान दिला.

"गायकवाड, तुमच्या गाडीवर माझं मलाच ऐकू येणार नाही हो!"

आणि बिराजदारच्या मागं बसले. जाताना गप्पा, येताना गप्पा. मी मागून त्यांची धूळ खात होतो. महिन्याभरात हेडक्वार्टरच्या जागेवर ऑर्डर कुणाची? ती जागा मला हवी होती. बायकोला मी आधीच सांगूनसुद्धा ठेवलं होतं.

*

आता हा शेवटचा. हा मी बायकोलाही सांगितलेला नाही.

एका शनिवारी बिराजदार बसनं गावी गेला, गाडी ऑफिसच्या आवारात. रविवारी सकाळी मी चाचांकडून मागून आणलेले पाने घेऊन गेलो. आवारात चिटपाखरू नाही. झाकण काढलं, इनलेट आणि एक्झॉस्ट, दोन्ही टॅपेट सैल केले, झाकण लावलं. मन गार झालं, खोटं कशाला बोलू?

सोमवारी खिडकीतून बघत उभा राहिलो. बिराजदारनं किक मारली. टक टक टक टक! त्याचा चेहरा उतरला. तो गाडी तशीच चाचांकडं ठेवून आला. त्या दिवशी मी ऑफिसात दोनदा चहा मागवला.

मंगळवारी संध्याकाळी तो नाचतच आला!

"गायकवाड साहेब, आज देवणीला जाऊन आलो, एकदाबी गाडी बंद पडली न्हाई!"

"म्हणजे? आधी पडायची?"

"महिना झाला. तापली की बंद. लाजेनं कुणाला बोललो न्हाई. जरा टकटक येऊन राहिली म्हणून मीच टॅपेट आवळले होते. जास्त आवळले, तर व्हॉल्व्ह पुरता बसतच नव्हता! चाचा म्हणाले, अजून आठ दिवसांत जळला असता. टॅपेट आपोआप सैल झाले बघा, अन् चाचांनी बेताला आणले. नशीब माझं!"

मी खुर्ची धरून बसलो.

बिराजदारनं चाचांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, सगळं. टिनाच्या शेडमध्ये पाटील, कुलकर्णी, आजूबाजूचे दुकानदार जमले. आणि बिराजदार म्हणाला, "सत्कार गायकवाड साहेबांच्या हस्ते होईल. आमच्यात तेच सीनियर!"

टाळ्या पडल्या. मी शाल घेऊन पुढं झालो. चाचा वाकले, माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले,

"इनलेट बराबर होता साहेब. एक्झॉस्ट तुमच्या हातून जरा जास्त सैल झाला होता."